टॅपिंगचा दुसरा आदेश कुठे आहे?

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचा धाकटा भाऊ रस्त्यांची छोटी कंत्राटं घेतो. सरकारी अभियंत्याला लाच दिल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. आरोपपत्राची प्रत हातात आली तेव्हा घरच्यांना कळलं की जानेवारी ते एप्रिल २०२४ असे चार महिने त्याचा मोबाइल ऐकला जात होता. संभाषणांच्या उताऱ्यांत त्याच्या बायकोचं आणि आईचं बोलणंही टाईप करून जोडलं आहे. गृह खात्याचा आदेश मात्र एकच आहे, आणि त्यात कारण म्हणून ‘सार्वजनिक सुरक्षिततेच्या हितार्थ’ एवढेच शब्द आहेत. ताईंनी विचारलंय: सरकारला असं करता येतं का? गोपनीयतेचा हक्क मूलभूत आहे म्हणतात, मग तो गेला कुठे? आणि आता काही करता येईल का?

ताई, सरकारला फोन ऐकता येतो. पण कुणाचाही, कशासाठीही, कितीही दिवस नाही. मी सव्वीस वर्षं फौजदारी वकिली करतोय आणि त्यात टॅपिंगचे पुरावे असलेले बरेच खटले हाताळले आहेत. माझा अनुभव असा की या प्रकरणात हक्क राहतो तो आदेशाच्या कागदात. लोक ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे टाईप केलेलं संभाषण, वाचून हबकतात, ‘मी असं बोललोच नव्हतो’ यावर सगळी ताकद लावतात आणि आदेशाच्या पानाकडे बघतही नाहीत. तुम्ही ते पान बघितलंत आणि एकच आदेश असल्याचं टिपलंत, हे फार चांगलं केलंत. त्यावर मी शेवटी येतो.

आधी कायदा. २०२४ च्या पूर्वार्धात टॅपिंगला लागू होता तो १८८५ चा भारतीय टेलिग्राफ कायदा. त्याच्या कलम ५(२) मध्ये दोन दारं आहेत आणि सरकारला दोन्हींतून जावं लागतं. पहिलं दार: सार्वजनिक आणीबाणी उद्भवलेली हवी, किंवा सार्वजनिक सुरक्षिततेला गरज हवी. ते ओलांडल्यावर दुसरं: देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, किंवा गुन्ह्याला चिथावणी मिळू नये म्हणून, यांपैकी एक कारण हवं. आणि ते कारण लेखी नोंदवलेलं हवं. ‘आम्हाला तपास करायचा होता’ हे या कायद्यात कारण म्हणून लिहिलेलंच नाही. तपास यंत्रणांना हे ठाऊक असतं, म्हणूनच लाचेच्या साध्या प्रकरणातसुद्धा आदेशावर ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हे शब्द येतात.

या कायद्याखाली टॅपिंगची पद्धत ठरवणारे नियम १११ वर्षं कुणी केलेच नव्हते. राजकारण्यांच्या फोन टॅपिंगबद्दलचा सीबीआयचा अहवाल उजेडात आल्यावर पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला. घरात किंवा कार्यालयात बसून फोनवर केलेलं बोलणं हा खासगी आयुष्याचा भाग आहे आणि घटनेचं कलम २१ त्याचं रक्षण करतं, हे न्यायालयाने तेव्हाच मान्य केलं. आदेश गृह सचिवानेच द्यायचा, तो दोन महिन्यांपुरताच, मुदत वाढवली तरी एकूण सहा महिन्यांपलीकडे नाही. हवी ती माहिती दुसऱ्या मार्गाने मिळू शकली असती का, याचा विचार आधी करायचा. प्रत्येक आदेश पुनर्विलोकन समितीपुढे जायचा. २००७ मध्ये हेच टेलिग्राफ नियमांत ४१९-अ म्हणून आलं. राज्यात या समितीवर मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृह खात्याबाहेरचा आणखी एक सचिव असतो.

पीयूसीएलची मागणी मात्र याहून मोठी होती. फोन ऐकण्याआधी न्यायाधीशाची परवानगी घ्यावी, असं त्यांचं म्हणणं होतं. कायद्यात तशी तरतूद नसताना आम्ही ती घालू शकत नाही, असं म्हणून न्यायालयाने ती नाकारली. माझ्या मते या सगळ्या रचनेतली मुख्य उणीव तीच आहे, आणि आज तीस वर्षं होत आली तरी ती तशीच आहे. मागणारे पोलीस, मंजूर करणारा गृह सचिव, तपासणारे दुसरे सचिव. या साखळीत शासनाबाहेरचा एकही माणूस नाही.

समिती काय तपासत असेल याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण, मुंबईकरांना १९९२-९३ च्या दंगलींच्या चौकशीमुळे माहीत असलेले, यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१८ मध्ये विदासंरक्षणावर, म्हणजे लोकांच्या वैयक्तिक माहितीच्या रक्षणावर, अहवाल दिला. त्यात म्हटलंय की केंद्राच्या पुनर्विलोकन समितीपुढे दोन महिन्यांतून एकदा होणाऱ्या बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश येतात. आठ तासांच्या दिवसात २८,८०० सेकंद असतात. म्हणजे सचिवांनी दिवसभर जागचं न हलता काम केलं तरी एका आदेशाला दोन सेकंद मिळत नाहीत. त्या दोन सेकंदांत कुणाचं तरी घर, व्यवसाय, आजारपण, भांडणं, सगळं असतं.

आता हक्काचं. तो कुठे गेला असं तुम्ही विचारता, पण तो आला कसा हे आधी सांगायला हवं, कारण तुमच्या भावाच्या वकिलांना याच वाटेने जावं लागणार आहे. उत्तर प्रदेशातल्या खरक सिंग नावाच्या माणसावर १९४१ मध्ये दरोड्याचा संशय आला. पुरावा न मिळाल्याने तो सुटला, तरी पोलिसांनी त्याच्या नावाची नोंदवही उघडली. चौकीदार आणि शिपाई रात्री-अपरात्री दार ठोठावायचे, गावाबाहेर जाताना कळवायला लावायचे. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण घटनेत गोपनीयतेचा हक्क दिलेला नाही असंही म्हटलं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत लिहिलं होतं. सतत पाळत असलेला माणूस मोकळेपणाने हिंडूफिरू शकत नाही, असा त्याचा आशय होता. ते मत तेव्हा अल्पमतात राहिलं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं आणि खरक सिंग निकालातला तो भाग रद्द केला. त्या पीठावर आपले मराठी न्यायमूर्ती शरद बोबडे आणि धनंजय चंद्रचूडही होते. आणीबाणीत नागरिकाला न्यायालयाचं दार बंद करणारा १९७६ चा निकाल देणाऱ्यांत चंद्रचूड यांचे वडील होते. मुलाने याच निकालपत्रात तो चुकीचा ठरवला. ती पानं वाचताना मला आजही भरून येतं.

पुट्टस्वामी निकालाने सरकारच्या हाताला मोजपट्टी लावली. हक्कावर घाला घालायचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा, आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. मनमानीला आळा घालणारी कार्यपद्धतीही हवी. म्हणून १९९६ चे नियम आता औपचारिकता उरलेले नाहीत. ते मोडले की मूलभूत हक्क मोडतो.

हे तुमच्या उपयोगाचं कसं, तर मुंबई उच्च न्यायालयाचा २२ ऑक्टोबर २०१९ चा निकाल बघा. मुंबईतल्या एका व्यावसायिकावर सीबीआयचा आरोप होता की त्याने कर्जाच्या कामासाठी सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याला दहा लाखांची लाच दिली. त्याच्या फोनबाबत २००९-१० मध्ये तीन आदेश निघाले होते. न्यायमूर्ती रणजित मोरे आणि न्यायमूर्ती एन. जे. जमादार यांनी विचारलं, यात सार्वजनिक सुरक्षितता कुठे आहे? सार्वजनिक सुरक्षितता म्हणजे सर्वसामान्य लोकांना धोका नसण्याची स्थिती. तिला धोका असेल तर तो कुठल्याही समंजस माणसाला दिसेल असा असतो, फायलीत दडलेला नसतो. तीनही आदेश रद्द झाले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करण्याचा हुकूम झाला. नियम पाळल्याचंही दाखवता आलं नव्हतं. तुमच्या भावाचं प्रकरण कागदावर तरी याच्या अगदी जवळचं आहे, आणि महाराष्ट्रातलं खालचं न्यायालय या निकालाने बांधलेलं आहे.

पण खोटा दिलासा मी देणार नाही. सरकारी वकील याविरुद्ध जुने निकाल काढतील. त्यांतला पहिला बहुधा मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७२ चा. मुंबईच्या कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, एका डॉक्टरकडे पैसे मागितले, मध्यस्थी करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरच्या संमतीने लाचलुचपत खात्याने फोनवरचं बोलणं टेप केलं, आणि तो पुरावा मान्य झाला. पुरावा कसाही मिळवलेला असो, विषयाशी संबंधित असेल तर चालतो, अशी ती परंपरा आहे. संसद हल्ल्याच्या खटल्यातही २००५ मध्ये तीच भूमिका घेतली गेली. त्याला उत्तर दोन आहेत. मलकानी प्रकरणात बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती होती, तुमच्या भावाच्या बाबतीत कुणाचीच नाही. आणि दुसरं म्हणजे हे दोन्ही निकाल पुट्टस्वामीच्या आधीचे आहेत. तरीही वाद मिटलेला नाही. जून २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मोठ्या रकमांच्या भ्रष्टाचाराने सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात येऊ शकते असं म्हटलं. लगेच जुलैमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने लाचेच्या प्रकरणातलाच टॅपिंगचा आदेश रद्द केला. म्हणजे सरकारी वकिलांच्या हातात दिल्लीचा निकाल असेल, तुमच्या हातात मुंबईचा आणि मद्रासचा. छोट्या कंत्राटाच्या लाचेला दिल्लीचा निकाल ताणून लावता येणार नाही, असं मला वाटतं.

मकोकाचा उल्लेख करायला हवा, कारण महाराष्ट्रात वकीलसुद्धा दोन्ही कायद्यांत गल्लत करतात. १९९९ च्या त्या कायद्यात संघटित गुन्हेगारीसाठी फोन ऐकण्याची स्वतंत्र तरतूद आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती वैध ठरवली. एवढ्या कडक कायद्यातसुद्धा अट आहे की टॅपिंगचा आदेश आणि त्यासाठीचा अर्ज, दोन्हींच्या प्रती खटल्याच्या किमान दहा दिवस आधी आरोपीला द्यायच्या. लाचेच्या साध्या आरोपीला टेलिग्राफ कायद्यात एवढंही मिळत नव्हतं. मकोकाच्या आरोपीला जे देता येतं ते तुमच्या भावाला का नाही, हा प्रश्न मी न्यायालयात अनेकदा विचारला आहे.

आता कायदा बदललाय. २०२३ च्या दूरसंचार कायद्याचं कलम २० हे २६ जून २०२४ पासून लागू झालं आणि ६ डिसेंबर २०२४ ला टॅपिंगचे नवे नियम आले. तुमच्या भावाचं टॅपिंग त्याआधीचं, म्हणून त्याला जुना कायदाच लागेल. तारखा नीट मांडा. ‘सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता’ हे शब्द नव्या कायद्यातही आहेत. नव्या नियमांत एक चांगली गोष्ट आली आहे: तातडीचं म्हणून आधी ऐकायला सुरुवात केली आणि सात कामकाजी दिवसांत मंजुरी मिळाली नाही, तर ते बोलणं पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. न्यायाधीशाची परवानगी तिथेही नाही. इंटरनेटवरच्या माहितीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आहे, आणि ते याहून सैल आहे. त्यात मी सांगितलेलं पहिलं दारच नाही, ‘कोणत्याही गुन्ह्याचा तपास’ हेही कारण चालतं. २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने केंद्राने दहा यंत्रणांना तो अधिकार दिला.

महाराष्ट्रात टॅपिंगचा गैरवापर होऊ शकतो का, असंही तुम्ही मध्येच विचारलंय. २०२२ मध्ये पुण्यात आणि मुंबईत कुलाब्याला गुन्हे दाखल झाले होते. राजकीय नेत्यांचे नंबर दुसऱ्याच नावांनी मंजुरीसाठी पाठवल्याचा आरोप होता. सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते गुन्हे रद्द केले. पुण्याच्या प्रकरणात पोलिसांनीच तपास बंद करण्याचा अहवाल दिला होता आणि मुंबईच्या प्रकरणात खटल्याला सरकारची मंजुरी मिळाली नाही. आरोप सिद्ध झाले नाहीत, ते साक्षीपुराव्यावर तपासलेही गेले नाहीत, म्हणून कुणालाही दोषी म्हणणं चूक ठरेल. मला त्यातून दिसतं ते एवढंच: सही करणाऱ्यापुढे एक नंबर आणि एक नाव येतं. तो नंबर त्याच माणसाचा आहे का, हे बघण्याची सक्ती कुणावर होती, हे नागरिकाला कधीच कळत नाही.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच, न कळणं. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यानुसार फोन ऐकायला न्यायाधीशाचा आदेश लागतो आणि ऐकणं संपल्यावर साधारण नव्वद दिवसांत त्या माणसाला कळवावं लागतं. आपल्याकडे ज्याच्यावर आरोपपत्र दाखल होत नाही त्याला आयुष्यभर कळत नाही. आणि ज्याला कळतं, त्याच्या घरच्यांचं काय? काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक खटला होता, अकरा आरोपींचा. ट्रान्सक्रिप्टमध्ये एका आरोपीच्या मुलीचं तिच्या आईशी बोलणं होतं. तिचा गर्भपात झाला होता, ती रडत होती. गुन्ह्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. कुणीतरी ते ऐकलं, टाईप केलं, पानाला नंबर दिला, आणि अकरा आरोपींना अकरा प्रती गेल्या. मी अर्ज करून ती पानं सीलबंद करून घेतली, पण तोवर ती अकरा घरांत वाचली गेली होती. ती मुलगी त्यानंतर आईला फोन करत नाही, थेट घरी येते.

म्हणून तुमच्या भावजयीचं आणि आईचं जे बोलणं जोडलंय, त्यातलं गुन्ह्याशी संबंध नसलेलं रेकॉर्डवरून काढून सीलबंद करावं, असा वेगळा अर्ज द्या. तो आरोपीच्या नावाने नको, भावजयीच्या नावाने द्या. ती आरोपी नाही, आणि तिचा हक्क तिचा स्वतःचा आहे.

लोक मला नेहमी विचारतात की फोन टॅप होतोय हे ओळखायचं कसं. अमुक कोड डायल करा, बॅटरी गरम होते, आवाज घुमतो, असं फिरत असतं. त्या कोडने फार तर कॉल फॉरवर्डिंग चालू आहे का ते कळतं. सरकारी टॅपिंग कंपनीच्या यंत्रणेतून होतं, तुमच्या हातातल्या फोनला त्याचा पत्ताही नसतो. फोनमध्येच घुसणारी हेरगिरीची सॉफ्टवेअरं वेगळी. पेगासस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तांत्रिक समितीत आयआयटी मुंबईचे एक प्राध्यापकही होते. त्यांनी २९ फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगाससच होतं असं निश्चित सांगता आलं नाही. केंद्र सरकारने समितीला सहकार्य केलं नाही, हे सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये खुल्या न्यायालयात सांगितलं.

कॉल तपशील, म्हणजे सीडीआर, याबद्दल थोडंच. कोणी कोणाला कधी फोन केला आणि कुठल्या टॉवरखालून केला, एवढं त्यात असतं, बोलणं नसतं. त्याला गृह सचिवाचा आदेश लागत नाही, पोलीस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी तो कंपनीकडून मागवतो. कंपन्यांना ही नोंद किमान दोन वर्षं ठेवावी लागते. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर बेकायदा विकणारी टोळी पकडली तेव्हा हा माल बाजारात कसा येतो ते सगळ्यांनी पाहिलं. भावाच्या कागदांत सीडीआर असेल तर तो कुठल्या अधिकाऱ्याच्या मेलने मागवला तेही बघा.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. आरोपपत्रासोबतचे कागद देण्याची जबाबदारी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम २०७ खाली होती, तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (बीएनएसएस) ती २३० मध्ये आहे. त्याखाली लेखी अर्ज द्या आणि नावानिशी मागा: टॅपिंगचे सगळे आदेश, पुनर्विलोकन समितीला आदेश पाठवल्याचं पत्र, समितीचा निष्कर्ष, कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याशी झालेला पत्रव्यवहार, आणि मूळ ध्वनिमुद्रणाची क्लोन, म्हणजे हुबेहूब डिजिटल, प्रत. डिजिटल साठ्याची क्लोन प्रत आरोपीला मिळावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडलंय का ते बघा. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादातून आलेल्या खोतकर निकालाने १४ जुलै २०२० रोजी ते सक्तीचं ठरवलं. आवाजाचा नमुना मागितला तर नकार देत बसू नका. दंडाधिकारी तसा आदेश देऊ शकतात, हे २०१९ पासून पक्कं आहे.

आदेशावरचा मोबाइल नंबर आणि ट्रान्सक्रिप्टवरचा नंबर, आकडा न् आकडा बोटाने टेकून जुळवा. माझ्या एका खटल्यात एका तपास यंत्रणेच्या आदेशातला शेवटून तिसरा आकडाच वेगळा होता. ते माझ्या ज्युनियरला तिसऱ्या वाचनात दिसलं, आणि त्या फोनचं एकही संभाषण पुराव्यात आलं नाही.

आणि आता तुमचा एकच आदेश. तो साठ दिवसांपुरता असतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातला असेल तर तो मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपला. एप्रिलपर्यंत फोन ऐकला असेल तर दुसरा आदेश निघायला हवा होता, नवी कारणं लिहून, आणि तोही समितीपुढे जायला हवा होता. तो आरोपपत्रात नाही. कदाचित जोडायचा राहिला असेल, कदाचित निघालाच नसेल. ट्रान्सक्रिप्टमधल्या प्रत्येक संभाषणाची तारीख एका वहीत उतरवा, साठाव्या दिवसाखाली रेघ मारा, आणि लाचेबद्दलचं म्हणून जे बोलणं दाखवलंय ते रेघेच्या वर आहे की खाली ते बघा. खाली असेल तर आरोपनिश्चितीची वाट बघू नका. वही आणि आदेशाची प्रत घेऊन वकिलांकडे जा आणि उच्च न्यायालयात रिट दाखल करायला सांगा.